अंकांत रमलेला शाळामास्तर : द. रा. कापरेकर

संगणकाची आवड लागायला आधी संगणक हवा, अशी आपली समजूत असते. हदगावसारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या आपल्याला तर ती सहज पटते. परंतु कागद-पेन्सिलीपलीकडे हाती काही नसताना एका मराठी मुलाला आकडेमोडीचे जे वेड लागले, त्याची हकीकत निराळी आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच मातृछत्र हरपले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्या गणितांतूनच मुलाला अंकांची गोडी लागली. ठाण्याला शाळेत असताना कोडी सोडविण्यात ते तासन्‌तास रमत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले आणि १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीला शिक्षकी केली.

तेथेच १९४६ साली त्यांना ६१७४ ही संख्या गवसली. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक मात्र सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि उत्तरावर पुन्हा तीच कृती करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८३५२ आणि मग ६१७४. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते व तेथेच स्थिरावते. एक नियम ठरवायचा, तो पुन्हा पुन्हा चालवायचा आणि कोठे थांबायचे ते ओळखायचे. संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिताना तरी दुसरे काय करतात? आज प्रोग्रॅमिंग शिकणारे विद्यार्थी सरावासाठी हीच कृती लिहितात.

पण त्यांच्या हयातीत या कामाची कदर उशिरा झाली. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या मास्तरांचे संशोधन म्हणजे अंकांचा खेळ, असे आपल्याकडील अनेक गणितज्ञ मानीत. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ साली, ते निवर्तले.

मित्रहो, आपल्या वहीचे शेवटचे पान कोरेच असते. त्यावर एखादी चार अंकी संख्या मांडून पाहा. कापरेकर मास्तरांची सुरुवात याहून मोठ्या साधनाने झाली नव्हती.