गुलियेल्मो मार्कोनी

गुलियेल्मो मार्कोनी (२५ एप्रिल १८७४, बोलोन्या – २० जुलै १९३७, रोम) हे बिनतारी संदेशवहन व्यवहारात आणणारे इटालियन संशोधक व उद्योजक होते. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासमवेत मिळाले. त्यांच्या पद्धतीवर चालणारी भारतातील केंद्रे पुणे जिल्ह्यात खडकी व दौंड येथे होती.

सुरुवातीचे प्रयोग

मार्कोनी यांचे वडील इटालियन जमीनदार व आई आयरिश होती. हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या होत्या. ऑलिव्हर लॉज, पोपोव्ह व कोलकात्याचे जगदीशचंद्र बसू हेही या क्षेत्रात काम करत होते. मार्कोनी यांनी घराच्या माळ्यावर प्रयोग सुरू केले आणि तारेविना दूरची घंटा वाजवली. प्रक्षेपकाचे एक टोक उंच हवेत व दुसरे जमिनीत जोडल्यावर १८९५ मध्ये संदेश टेकडीपलीकडे पोहोचला. १८९६ मध्ये लंडनमध्ये त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला व पुढच्या वर्षी कंपनी स्थापन केली.

दीर्घ तरंग आणि प्रचंड वीज

१२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील पोल्ढू येथून पाठवलेला संकेत न्यूफाउंडलंडमध्ये ऐकू आल्याचे त्यांनी जाहीर केले. या दाव्याविषयी पुढे शंकाही घेतल्या गेल्या. अंतर वाढवायचे तर तरंगलांबी व विद्युतशक्ती दोन्ही वाढवावीत, अशी त्यांची धारणा झाली. त्यामुळे १९०७ मध्ये सार्वजनिक सेवा सुरू करणाऱ्या आयर्लंडमधील क्लिफडेन केंद्राला स्वतःचे वीजघर लागले. तेथे दलदलीतील पीट जाळून वाफ तयार केली जाई व वीज साठवण्यासाठी हजारो घटांची बॅटरी होती. १९१२ च्या टायटॅनिक दुर्घटनेत बिनतारी हाकेमुळे सातशेहून अधिक लोक वाचले आणि या साधनाचे महत्त्व सर्वमान्य झाले.

लघुतरंगांकडे

सुमारे वीस वर्षे चाललेला हा मार्ग मार्कोनी यांनी स्वतःच सोडला. १९२३ मध्ये एलेट्रा या आपल्या नौकेवर त्यांनी पोल्ढूचे सुमारे ९७ मीटर तरंगलांबीचे संकेत केप व्हर्ड बेटांपर्यंत तपासले. कमी शक्तीचे हे संकेत अपेक्षेपेक्षा दूर पोहोचले. त्यांचे सहकारी चार्ल्स फ्रँकलिन यांनी आकाशकांची रांग व तिच्यामागे परावर्तक अशी रचना केली. त्यामुळे लहरी चहूकडे न विखुरता ठरलेल्या दिशेनेच जात. तिला शलाका पद्धत म्हणतात. या पद्धतीची केंद्रे उभारण्याचा करार ब्रिटिश सरकारने १९२४ मध्ये केला.

खडकी व दौंड

भारत–इंग्लंड शलाका सेवा १९२७ मध्ये सुरू झाली. खडकीहून संदेश प्रक्षेपित होत व दौंडला ग्रहण केले जात. इंग्लंडकडील जोडकेंद्रे ग्रिम्सबी व स्केगनेस येथे होती. प्रक्षेपक व ग्राहक दूर ठेवल्याने प्रक्षेपकाच्या जोरदार लहरींचा दुर्बळ संकेतांना अडथळा होत नसे. स्वस्त दरामुळे समुद्राखालील तारांच्या कंपन्यांचा व्यवसाय घटला. १९३२ मध्ये भारतातील बिनतारी व तारसेवा एका कंपनीखाली आल्या.

अखेरची वर्षे व वारसा

२६ मार्च १९३० रोजी जिनोआ बंदरातील एलेट्रावरून पाठवलेल्या संकेताने सिडनीच्या नगरभवनातील दिवे लागले. त्या संकेतात माणसाने वाचायचा मजकूर नव्हता, यंत्राने पाळायची आज्ञा होती. वीजमापकांपासून भिवंडीच्या गोदामांतून निघणाऱ्या मालट्रकांवरील स्थानदर्शकांपर्यंत आजची अनेक उपकरणे अशीच माणसाच्या मध्यस्थीविना परस्परांना संदेश देतात.

मार्कोनी १९२३ मध्ये फॅसिस्ट पक्षात गेले व मुसोलिनीच्या राजवटीत मानाची पदे भूषवली. त्यांच्या कीर्तीवरील हा डाग आहे. त्यांच्या निधनानंतर अनेक देशांतील बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबवले. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या एका महत्त्वाच्या एकस्वातील प्रमुख दावे, इतरांचे काम आधीचे असल्याच्या कारणावरून, रद्द केले. बिनतारी विद्येचा पहिला शोधक कोण, हा वाद आजवर चालू आहे. ती विद्या व्यवहारात रुजवण्याचे श्रेय मात्र प्रामुख्याने मार्कोनी यांनाच दिले जाते.