वृश्चिकेतील हरवलेला तारा आणि नॉर्मन पॉगसन

२० मे १८६३ रोजी मद्रास वेधशाळेत वृश्चिक राशीचे वेध घेताना एक अनोळखी तारा आढळला. तो नवव्या प्रतीचा, म्हणजे दुर्बिणीविना न दिसणारा होता. थोड्याच दिवसांत तो मंदावत दिसेनासा झाला. त्याची नोंद करणारे सरकारी खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन रॉबर्ट पॉगसन यांना तो पुन्हा कधीच दिसला नाही.

पॉगसन यांचा जन्म १८२९ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचा. ताऱ्यांची प्रत ठरवण्याची प्राचीन ग्रीक पद्धत केवळ नजरेच्या अंदाजावर चालत असे. १८५६ मध्ये ऑक्सफर्ड येथे असताना त्यांनी तिला गणिताची शिस्त लावली. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक. म्हणून एका प्रतीला सुमारे २.५१२ पट. हे गुणोत्तर आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

१८६१ मध्ये ते मद्रासला आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी शोधलेल्या लघुग्रहाला एशिया हे नाव मिळाले. आशिया खंडातून लागलेला लघुग्रहाचा तो पहिला शोध. पुढील तीस वर्षे याच वेधशाळेत गेली. हाताशी माणसे मोजकीच होती. सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधला. कन्या इसिस वेधशाळेत गणितकामाला होती. वेध साचत गेले, छपाई मागे पडली. जून १८९१ मध्ये पॉगसन यांचे मद्रासमध्येच निधन झाले आणि त्यांचे बरेचसे वेध उत्तराधिकारी मिची स्मिथ यांनी प्रसिद्ध केले.

त्या ताऱ्याचे गूढ उकलण्यास आणखी अर्धशतक लागले. हार्वर्डच्या जुन्या छायाचित्र-काचा तपासताना १९०६ आणि १९३६ मध्येही तो उजळल्याचे आढळले. यू स्कॉर्पिआय हा पुनरावर्ती नवतारा ठरला. यात एक श्वेत बटू सोबतच्या ताऱ्याचे द्रव्य ओढून घेतो. पृष्ठावर पुरेसे साचले की त्याचा स्फोट होतो, पण तारा टिकून राहतो आणि साठवण पुन्हा सुरू होते. एरवी हा तारा सुमारे अठराव्या प्रतीचा, नवव्या प्रतीपेक्षा हजारो पटींनी मंद असतो. पॉगसन यांच्या दुर्बिणीला तो दिसणे शक्यच नव्हते. १९९९, २०१० आणि २०२२ मध्ये तो पुन्हा उजळला.

मद्रास वेधशाळेचा वारसा आज भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे आहे. लडाखमधील हानले येथील तिच्या दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेल्या देवयानी दीर्घिकेतील अशाच एका ताऱ्याचा मागोवा घेतला जातो. २००८ मध्ये सापडलेला हा नवतारा जवळपास दरवर्षी उजळतो. त्याचे तेज मात्र मोजक्या दिवसांत ओसरते. नेमके तेव्हाच आभाळ भरून आले, तर पुढच्या उद्रेकाची वाट पाहावी लागते.