मरहूम कुलसुमबाई सयानी : घरोघर अक्षर नेणारी आई

शिक्षणाच्या कार्याचा विषय निघाला की शाळेची इमारत, तिचे संस्थापक आणि देणगीदार यांची नावे आपल्याला प्रथम आठवतात, आणि ते योग्यच आहे. इमारतीवाचून शाळा चालत नाही. परंतु शाळेच्या इमारतीपर्यंत ज्यांचे पाऊल कधी पोहोचलेच नाही, अशा स्त्रियांच्या घरी शाळा घेऊन जाणारी माणसेही आपल्या समाजात होऊन गेली. मुंबईच्या मरहूम कुलसुमबाई सयानी या त्यांपैकी एक होत. आजच्या पिढीला त्यांचे चिरंजीव अमीन सयानी यांचा आवाज ठाऊक आहे. आईचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत असते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जन्म आणि घराणे

कुलसुमबाईंचा जन्म २१ ऑक्टोबर १९०० रोजी गुजरातेत झाला. त्यांचे वडील डॉ. रजबअली पटेल हे नामांकित डॉक्टर होते. महात्मा गांधी आणि मौलाना आझाद यांच्या प्रकृतीची देखभाल त्यांनी केली. १९१७ साली वडिलांबरोबर कुलसुमबाईंनी गांधीजींची भेट घेतली. त्या वेळी त्यांचे वय अवघे सोळा-सतरा वर्षांचे होते. या भेटीचा त्यांच्या मनावर जो ठसा उमटला तो अखेरपर्यंत पुसला गेला नाही.

पुढे त्यांचा विवाह डॉ. जान महंमद सयानी यांच्याशी झाला. डॉक्टरसाहेब स्वातंत्र्यचळवळीत वावरणारे होते. सयानी घराण्याची परंपराही तशीच होती. १८९६ साली कलकत्त्यास भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष रहिमतुल्ला सयानी हे याच घराण्यातील होत. अशा रीतीने माहेर आणि सासर या दोन्हीकडून देशसेवेचा वारसा घेऊन बाई मुंबईत संसाराला लागल्या. घरची बोली गुजराती. ज्या उर्दू आणि हिंदुस्तानीच्या शिक्षणासाठी त्यांनी पुढे आयुष्य वेचले, ती त्यांची मायबोली नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शंभर रुपये आणि दोन शिक्षिका

त्या काळची स्थिती आज खरी वाटणार नाही. १९३१ च्या शिरगणतीत साऱ्या देशात शंभरामागे दहा माणसेदेखील साक्षर नव्हती आणि स्त्रियांत तर हे प्रमाण शंभरामागे जेमतेम तीन होते. पडद्यात राहणाऱ्या मुसलमान स्त्रियांची अवस्था याहूनही बिकट. मुलींना कुराणशरीफ वाचावयास शिकवीत, परंतु साधे पत्र लिहिण्याची वा दुकानदाराची चिठ्ठी वाचण्याची विद्या त्यांच्या वाट्यास क्वचितच येई. नवरा परगावी गेला म्हणजे त्याचे पत्र शेजाऱ्याकडून वाचून घ्यावयाचे आणि मनातले उत्तर दुसऱ्याच्या हाताने लिहवून घ्यावयाचे. यात बाईमाणसाची केवढी कुचंबणा होते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

कुलसुमबाईंनी कामाला हात घातला तेव्हा त्यांच्यापाशी भांडवल होते शंभर रुपये आणि सोबत होत्या दोन शिक्षिका. या शिक्षिकांनी मुसलमान वस्तीत घरोघर जावे, शिकू इच्छिणाऱ्या मुली आणि बायका शोधाव्यात आणि जमेल तेथे त्यांना शिकवावे, अशी ही योजना. बायका घराबाहेर पडू शकत नाहीत तर वर्गानेच घरात यावे, एवढा साधा विचार त्यामागे होता. चाळीतील एखादी खोली आणि दुपारचा तास-दोन तासांचा निवांत वेळ एवढ्यावर असा वर्ग चालू शकतो. मांडीवर मूल असले तरी हातातील पाटी खाली ठेवावी लागत नाही.

मात्र काम सांगावयास सोपे तितके करावयास अवघड होते. पोटाची भ्रांत असलेल्या घरात पुस्तकाची गोष्ट काढली की पहिला प्रश्न येणार तो भाकरीचा. म्हाताऱ्यांना वाटावे की सून शिकली तर हाताबाहेर जाईल. खुद्द बाईला वाटावे की आता या वयात काय शिकावयाचे! अशा घरात चिकाटीवाचून आणि गोड बोलण्यावाचून शिरकाव होत नाही. कुलसुमबाईंपाशी दोन्ही गोष्टी भरपूर होत्या. त्या स्वतः आई होत्या, संसारी होत्या. ऐकणाऱ्या बाईला त्या परक्या वाटल्या नाहीत.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि प्रौढशिक्षणाला सरकारी पाठबळ मिळाले. १९३९ साली मुंबई शहरासाठी प्रौढशिक्षणाची समिती स्थापन झाली. हीच पुढे समाजशिक्षण समिती म्हणून ओळखली गेली. या समितीच्या कार्याशी बाईंचा दीर्घकाळ संबंध राहिला. मुसलमान स्त्रियांच्या वर्गांची जबाबदारी साहजिकच त्यांच्याकडे आली. अखिल भारतीय महिला परिषदेच्या सरचिटणीसपदाची धुराही त्यांनी वाहिली.

'रहबर'

साक्षरतेच्या कामातील खरी अडचण पुढेच असते. चार-सहा महिन्यांत बाई अक्षरे जुळवून वाचू लागते, पण नंतर वाचावयाचे काय? मोठ्यांची पुस्तके कठीण आणि लहान मुलांची तिला पोरकट वाटणार. हाती काहीच न आले तर वर्ष-दोन वर्षांत शिकलेले सारे विसरते आणि केलेला खटाटोप पाण्यात जातो. शिवाय मुंबईतील मुसलमान काही एका भाषेचा नाही. खोजा आणि बोहरा गुजराती बोलतात, मेमन कच्छी, कोकणी मुसलमानांची बोली मराठीच्या जवळची, तर उत्तर हिंदुस्थानातून आलेले विणकर उर्दू बोलतात. अशा या शहरात कोणत्या लिपीत काय छापावे?

यावर बाईंनी काढलेला तोडगा म्हणजे 'रहबर' हे पाक्षिक. रहबर म्हणजे वाट दाखविणारा. गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली ते सुरू झाले आणि १९६० पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, चालले. भाषा एकच, सोपी बोलीतील हिंदुस्तानी. तिच्यात जड संस्कृत शब्द नाहीत आणि जड अरबी-फारसी शब्दही नाहीत. लिप्या मात्र तीन : नागरी, उर्दू आणि गुजराती. जिला जी लिपी येते तिने त्या लिपीत वाचावे. ज्याला दुसरी लिपी शिकावयाची असेल त्याने दोन प्रती शेजारी ठेवाव्यात आणि ताडून पाहावे. त्या काळी तुरुंगात असलेले काही राजकीय पुढारीही उर्दू शिकण्यासाठी 'रहबर'चा उपयोग करीत. १९४५ च्या जूनमध्ये गांधीजींनी बाईंना पत्र लिहून, हिंदी आणि उर्दू यांना जवळ आणण्याचे हे काम आपल्याला आवडते असे कळविले.

तीन लिप्यांत पाक्षिक काढणे म्हणजे काय, हे छापखान्याची माहिती असणाऱ्यांना सांगावयास नको. नागरी आणि गुजरातीचे खिळे वेगळे, उर्दूची तऱ्हा आणखीच वेगळी. मजकूर एक असला तरी मुद्रिते तीनदा तपासावयाची. या कामात धाकटे चिरंजीव अमीन आईला मदत करीत. संपादन, छपाई आणि प्रकाशन अशी सर्व कामे त्यांनी हळूहळू हाताखाली घेतली.

एक हरलेली बाजू

बाईंच्या चरित्रातील एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्या हिंदुस्तानीसाठी त्या झटल्या ती पुढे सरकारदरबारी टिकली नाही. दोन्ही लिप्यांत लिहिली जाणारी हिंदुस्तानी ही देशाची भाषा व्हावी, असे गांधीजींचे मत होते. १९४२ साली त्यांनी हिंदुस्तानी प्रचार सभा त्याचसाठी स्थापन केली. १९४७ साली देशाची फाळणी झाली. भाषा आणि लिपी यांना धर्माची लेबले अधिकच घट्ट चिकटली. १४ सप्टेंबर १९४९ रोजी घटनासमितीने नागरी लिपीतील हिंदीला संघराज्याची राजभाषा ठरविले. हिंदुस्तानीचा प्रश्न तेथे निकालात निघाला.

दुसरे कोणी असते तर खिन्न होऊन बाजूला बसले असते. बाईंनी 'रहबर' आणखी अकरा वर्षे चालविला. घटनासमितीत काय ठरले यावाचून चाळीतील बाईचे अडत नव्हते. वाचावयास काही मिळाले नाही तर मात्र तिचे अडणार होते.

उल्हासनगरच्या वाचकांना या प्रश्नाचे मर्म चटकन उमजेल. महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि ऑगस्ट १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. या मंडळींनी सामानाबरोबर आपली भाषाही आणली. तिची लिपी अरबी वळणाची. येथे आल्यावर ती नागरीत लिहावी की जुन्याच लिपीत, यावर सिंधी समाजात मोठे वाद झाले. शेवटी दोन्ही लिप्या चालू राहिल्या. १९६७ साली सिंधीला घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. परंतु आजोबांनी एका लिपीत लिहिलेले पत्र नातवाला वाचता येऊ नये, असा प्रसंग अनेक घरांत आला. ही दरी पडू नये म्हणूनच कुलसुमबाईंचा तीन लिप्यांचा आटापिटा होता.

आई

मुलांना वेळ देत नाही, असा आक्षेप समाजकार्य करणाऱ्या स्त्रीवर नेहमी घेतला जातो. कुलसुमबाईंच्या मुलांकडे पाहिले म्हणजे त्याचे उत्तर मिळते. थोरले हमीद हे इंग्रजी नभोवाणीतील नामवंत निवेदक झाले. १९७५ साली ते निवर्तले. धाकटे अमीन यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ चा. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि त्यांचा आवाज दर बुधवारी रात्री घराघरांत पोहोचला. घरची भाषा गुजराती, नभोवाणीवरील सुरुवात इंग्रजीतून, आणि कीर्ती मिळाली ती हिंदुस्तानीत! ही भाषा 'रहबर'च्या कामात आपल्याला लाभली, असे ते स्वतः सांगत असत. कल्याणच्या चाळीत आणि अंबरनाथच्या कारखान्यातील कामगारांच्या खोल्यांत ती सर्वांना कळत होती. हा हिंदूचा शब्द की मुसलमानाचा, असे कोणी विचारले नाही. सरकारी कागदावर जिला जागा मिळाली नाही, ती भाषा आईकडून मुलाकडे आणि मुलाकडून लाखो श्रोत्यांकडे गेली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सयानी यांचे निधन झाले.

अखेर

कुलसुमबाईंनी युनेस्कोच्या परिषदांतही प्रौढशिक्षणाचा प्रश्न मांडला. १९६० च्या सुमारास भारत सरकारने त्यांना पद्मश्री हा किताब दिला. नेहरू साक्षरता पुरस्काराचा मानही त्यांना मिळाला. १९८७ साली त्या अल्लाला प्यार्‍या झाल्या.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या पट्ट्यात पोटापाण्यासाठी नित्य नवी कुटुंबे येत असतात. कोणी मराठवाड्यातून, कोणी कोकणातून, कोणी उत्तर प्रदेश वा बिहारमधून. मुले शाळेत जातात आणि थोड्याच दिवसांत मराठी बोलू लागतात. आई मात्र दवाखान्याच्या पाटीपुढे, बँकेच्या खिडकीपुढे आणि मुलाच्या प्रगतिपुस्तकापुढे मुकी उभी राहते. सही करण्याऐवजी अंगठा उमटविणारी आई मुलाच्या अभ्यासाची चौकशी कोणत्या धीराने करणार?

आपल्या शाळांना खोल्या आहेत, फळे आहेत, शिकलेल्या मुली आहेत. आठवड्यातून दोन दुपारी एखादी खोली मातांसाठी उघडली, आणि ज्या मातांना येणे जमत नाही त्यांच्या घरी दोन मुली गेल्या, तर मोठा निधी लागणार नाही. कुलसुमबाईंना शंभर रुपये पुरले होते. अल्ला त्यांना जन्नत नसीब करो आणि त्यांच्या कामाचा काही अंश आपल्या हातून घडो.