बादशहाचा अंगठा आणि बादशहाची जीभ

रमजानमध्ये पोटाविषयी भरपूर बोलले जाते, जिभेविषयी कमी. आज एका बादशहाची गोष्ट सांगतो. त्याने अर्ध्या युरोपवर राज्य केले, पण जिभेवर राज्य करणे त्याला जमले नाही.

पाचवा चार्ल्स 1500 साली आजच्या बेल्जियममधील गेंट शहरात जन्मला. स्पेन, नेदरलँड्स, नेपल्स, जर्मन संस्थानांचे सम्राटपद आणि समुद्रापलीकडचा अमेरिकेतील मुलूख, एवढे सगळे विशीच्या आतबाहेर त्याच्या हाती आले. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मात्र त्याला गाऊटचा पहिला झटका आला. याच दुखण्याला उर्दूत निक्रिस म्हणतात, आयुर्वेदात वातरक्त.

चार्ल्सच्या खाण्याच्या नोंदी परदेशी वकिलांनी करून ठेवल्या आहेत. पहाटे उठल्याबरोबर दूध, साखर आणि मसाल्यात शिजवलेला कोंबडा. दुपारी मांसाच्या अनेक थाळ्या. संध्याकाळी खारवलेली मासळी, रात्री उशिरा पुन्हा जेवण आणि सोबत थंडगार बिअर. त्याचा खालचा जबडा इतका पुढे आलेला होता की घास नीट चावताही येत नसे. कम्युनियनच्या प्रसादापूर्वी उपाशी राहण्याचा ख्रिस्ती धर्माचा नियम होता. त्यातूनही त्याने पोपकडून सवलत मिळवली.

हे पदार्थ आणि हा आजार यांचे नाते आज नीट कळते. लाल मांस, कलेजी-गुर्दा, काही प्रकारची मासळी आणि बिअर यांतून शरीरात युरिक आम्ल वाढते. मूत्रपिंडाला ते पुरेसे बाहेर टाकता आले नाही, तर त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात आणि मध्यरात्री पायाचा अंगठा पेटतो. आहार एकटाच दोषी नसतो. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. चार्ल्सचा मुलगा फिलिप यालाही गाऊटने गाठलेच. पण घरात वारसा असेल, तर ताट जास्त सांभाळावे लागते.

चार्ल्सच्या पदरी वैद्यांची कमतरता नव्हती. शरीररचनेचा महान अभ्यासक वेसालियस त्याच्या सेवेत होता. तरुणपणी त्याने बगदादच्या अल-राझीच्या वैद्यकग्रंथाच्या एका भागावर पुस्तक लिहिले होते. पुढे 1546 मध्ये त्याने चिनी मुळीवर लिहिले. ही मुळी बादशहाला गाऊटवर दिली जात होती. आपल्याकडे तिला चोपचिनी म्हणतात. त्याच काळात गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानेही 1563 च्या आपल्या ग्रंथात तिची माहिती दिली. मुळी चीनहून आली, पण ताटातले काही कमी झाले नाही.

किंमत मोठी पडली. 1552 मध्ये मेट्झच्या वेढ्याला निघालेला बादशहा वाटेतच गाऊटने अडकून पडला. थंडी, रोगराई आणि फ्रेंचांचा चिवट बचाव यांपुढे जानेवारीत वेढा उठवावा लागला. 25 ऑक्टोबर 1555 रोजी ब्रसेल्सच्या दरबारात तो एका तरुण सरदाराच्या खांद्यावर हात टेकून उभा राहिला आणि सत्ता सोडत असल्याचे त्याने जाहीर केले. वय अवघे पंचावन्न.

पुढे तो स्पेनमधील युस्ते येथील मठाशेजारी राहायला गेला. तिथेही बिअर बनवणारा माणूस सोबत होता आणि मासळी दूरवरून येत होती. त्याचा कारभारी किहादा याचे मत होते की गाऊटवर खरा इलाज एकच, तोंड बंद ठेवणे. बादशहाने तो मानला नाही. 21 सप्टेंबर 1558 रोजी तापाने त्याचे निधन झाले.

त्याच्या बोटाचा एक तुकडा स्पेनमध्ये डबीत जपून ठेवलेला होता. 2006 मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी तो तपासला. त्यात युरिक आम्लाचे स्फटिक सापडले. हाडही पोखरलेले होते.

आपल्या इफ्तारच्या दस्तरखानावर बिअर नसते, पण नल्ली, कलेजी, खिमा आणि साखरेचे शरबत असतेच. सणाच्या पंगतीतही हात असाच सैल सुटतो. घरात कुणाला गाऊट असेल, तर रोज्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, गोळ्या मनाने बंद करू नयेत, इफ्तार ते सहरी पाणी भरपूर प्यावे आणि डाळ, भाजी, दही यांना ताटात जास्त जागा द्यावी. आग्रह करणाऱ्यांनीही थोडे थांबावे. दिवसभर आवरलेली जीभ मगरिबनंतर मोकाट सुटली, तर त्या आवरण्याचा उपयोग काय?