फ्रँकलिनची चूक

बेंजामिन फ्रँकलिन याचा जन्म इ. स. १७०६ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे झाला. शाळा त्याला जेमतेम दोन वर्षे लाभली. पुढे फिलाडेल्फियात छापखाना चालवून तो संपन्न झाला आणि चाळिशीच्या सुमारास विजेच्या प्रयोगांत गढून गेला.

त्या काळी घर्षणाने निर्माण केलेली वीज धातूचा पातळ पत्रा मढविलेल्या काचेच्या बरण्यांत साठवीत. १७५० च्या नाताळापूर्वी दोन दिवस, विजेच्या धक्क्याने टर्की पक्षी मारून दाखवावा, म्हणून फ्रँकलिनने अशा दोन मोठ्या बरण्या सज्ज केल्या. जमलेली मंडळी गप्पा मारीत होती. बोलण्याच्या नादात त्याचे भान सुटले. एका हातात बरण्यांच्या बाहेरील अंगास जोडलेली साखळी होती. दुसरा हात नकळत वरच्या तारांना लागला. लखकन प्रकाश पडला, पिस्तुलाच्या बारासारखा आवाज झाला. पण फ्रँकलिनला ना काही दिसले, ना ऐकू आले. त्याचे सर्वांग थरथर कापले. हात आणि मान दुसऱ्या सकाळपर्यंत बधिर होती.

आपल्या गाफीलपणाची त्याला लाज वाटली. तरीही नाताळच्या दिवशी त्याने सारी हकीकत भावाला कळविली. तिचा बोभाटा करू नये, परंतु असेच प्रयोग करणाऱ्या एका मित्राला मात्र सावध करावे, असेही त्याने सुचविले.

पुढे याच अभ्यासातून, आकाशातील वीज जमिनीत नेऊन घरे वाचविणारी धातूची सळई त्याने जगाला दिली. १७९० मध्ये तो निवर्तला. चूक थोरांच्या हातूनही होते. ती प्रांजळपणे सांगून दुसऱ्याला वाचविणे, यातच त्यांचे थोरपण असते.