बेळगावचे चौगुले आणि बत्तिसाव्या किलोमीटरची भिंत

कामठीहून निघून नागपूरच्या झिरो माइलपर्यंत धावत जायचे आणि तसेच धावत परत कामठीला यायचे, तर अंतर होते साधारण ३२ किलोमीटर. घरची मंडळी कोपऱ्यावर टाळ्या वाजवत उभी असतात, पाय थांबा म्हणत असतात आणि मॅरेथॉन मात्र अजून दहा किलोमीटर शिल्लक असते. पहिल्यांदा मॅरेथॉन धावणाऱ्या बहुतेकांची खरी परीक्षा इथेच सुरू होते. शंभर वर्षांपूर्वी बेळगावच्या एका धावपटूने ही परीक्षा परदेशात, पावसात, आपल्या माणसांपासून हजारो किलोमीटर दूर दिली. फडेप्पा दरेप्पा चौगुले हे त्यांचे नाव. ऑलिम्पिकची मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिले भारतीय.

चौगुले यांचे बेळगाव त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरचा, चढ-उतारांचा आणि बऱ्यापैकी थंड हवेचा हा मुलूख. लांब पल्ल्याच्या धावपटूला अशी जमीन आणि अशी हवा मानवते. क्रीडावैद्यक, आहारतज्ज्ञ, धावण्याचे खास बूट यांतले तेव्हा काहीच नव्हते. काळही कठीण होता. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली होती. तिच्या पाठोपाठ, १९१९ मध्ये, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर क्रीडास्पर्धा झाल्या.

जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. लांब शर्यतींत उतरलेली बरीचशी मंडळी शेतकरी घरांतली होती आणि ती अनवाणी धावत होती. शास्त्रशुद्ध सराव असा कोणी केलेला नव्हता. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या आहेत, हे दोराबजींच्या लक्षात आले. पुढच्या वर्षी बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिम्पिक होणार होते. तिथे हिंदुस्थानचा संघ पाठवायचाच, असे त्यांनी मनावर घेतले आणि पदरचे पैसेही घातले. मोजके धावपटू आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन मल्ल निवडले गेले. मॅरेथॉनसाठी नावे ठरली चौगुले आणि सदाशिव दातार यांची.

प्रवास बोटीचा. कित्येक दिवस डेकवर काढायचे म्हणजे धावपटूच्या तयारीला खीळच. सराव पूर्ण थांबला, तर दोन-तीन आठवड्यांत शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता घसरू लागते, हे आज मोजून सिद्ध झाले आहे. त्यामुळे अँटवर्पला जाण्याआधी संघाने इंग्लंडमध्ये मुक्काम करून सराव केला, हे शहाणपणाचेच ठरले.

२२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पच्या स्टेडियममधून शर्यत सुटली. हवा गार होती आणि पाऊस पडत होता. अंतर होते ४२.७५ किलोमीटर. आज ठरलेले ४२.१९५ किलोमीटर हे माप तेव्हा पक्के व्हायचे होते. ऑलिम्पिकच्या इतिहासातली ही सर्वांत लांब मॅरेथॉन ठरली. दक्षिण आफ्रिकेचे ख्रिस्तियन गिटशॅम बराच वेळ पुढे होते. पण पायाच्या त्रासाने त्यांना शर्यत सोडावी लागली. दातार यांनाही ती पूर्ण करता आली नाही. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिले आले. एस्टोनियाचे युरी लोसमान जेमतेम तेरा सेकंद मागे राहिले.

चौगुले धावत राहिले. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत त्यांनी शर्यत संपवली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. हिशेब केला तर दर किलोमीटरला चार मिनिटे, म्हणजे ताशी सुमारे १५ किलोमीटर. हा वेग एक किलोमीटरभर टिकवणेही अनेक हौशी धावपटूंना जड जाते. चौगुले यांनी तो बेचाळीस किलोमीटर टिकवला.

हे किती अवघड आहे, ते शरीराच्या इंधनावरून कळते. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, बाळगतात. त्यातून १६०० ते २००० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलो वजनाच्या माणसाला ४२.७५ किलोमीटरसाठी अडीच हजारांहून अधिक किलोकॅलरी लागतात. उरलेली ऊर्जा चरबीतून येते. पण चरबीपासून ऊर्जा सुटण्याचा वेग कमी. त्यामुळे तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास साखर संपत आली की पाय शिशाचे होतात, विचार मंदावतात. धावपटू याला भिंत म्हणतात. महिनोन्‌महिने सराव केलेले शरीर सुरुवातीपासून चरबी अधिक वापरायला शिकते आणि साखर पुरवून खर्च करते. चौगुले यांच्या पायांनी हे शिक्षण प्रयोगशाळेविना घेतले होते.

अँटवर्पच्या पावसानेही हात दिला. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता बनतो आणि गार हवेत ती सहज बाहेर पडते. नागपूर-कामठीच्या उन्हात हे होत नाही. म्हणून इथे सराव पहाटेचा आणि शर्यत हिवाळ्यातली असावी. पाणी तहानेच्या अंदाजाने प्यावे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी सुमारे १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम घटलेले आढळले. त्यामागचे मोठे कारण गरजेपेक्षा जास्त द्रव पिणे हेच होते.

चौगुले यांच्या वाट्याला न आलेली एक गोष्ट आजच्या धावपटूला मिळते. रस्त्याच्या कडेला उभी राहून नावाने हाक मारणारी घरची माणसे. याचा उपयोग केवळ भावनेपुरता नाही. माणूस थांबतो तो बरेचदा स्नायू पूर्ण निकामी झाल्यामुळे नव्हे, तर कष्ट असह्य वाटू लागल्यामुळे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात सायकल चालवणाऱ्यांना हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे क्षणाच्याही अंशापुरती दाखवली गेली. ती पाहिल्याचे त्यांच्या लक्षातही आले नाही. तरी उदास चेहरे दाखवले तेव्हापेक्षा ते जास्त वेळ टिकले. प्रयोग छोटा होता, पण दिशा स्पष्ट आहे.

म्हणून घरच्यांनी सगळा उत्साह सुरुवातीच्या रेषेवर खर्च करू नये. तिसाव्या किलोमीटरनंतर उभे राहावे. सोबत केळे किंवा गूळ आणि थोडे मीठ घातलेले लिंबूपाणी ठेवावे. मात्र सरावात न खाल्लेले काही त्या दिवशी देऊ नये. धावणारा अडखळत असेल, असंबद्ध बोलत असेल, छातीत दुखते म्हणत असेल, तर टाळ्या थांबवून त्यालाही थांबवावे आणि वैद्यकीय मदत बोलवावी. अँटवर्पला गिटशॅम थांबले, दातारही थांबले. त्यात कमीपणा काहीच नव्हता.

चौगुले पदक घेऊन परतले नाहीत. पण अनवाणी पायांच्या मैदानातून निवडलेल्या संघातला एक माणूस जगातल्या निवडक धावपटूंच्या बरोबरीने शेवटपर्यंत धावू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९५२ मध्ये हेलसिंकीला भारताच्या सुरतसिंग माथूर यांनी ऑलिम्पिक मॅरेथॉन पूर्ण केली ती २ तास ५८ मिनिटांत. अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांबीच्या मार्गावर धावूनही चौगुले यांची बत्तीस वर्षांपूर्वीची वेळ तिच्यापेक्षा सात मिनिटांनी सरस होती.