भास्कराचार्यांचे घोडे आणि रेषेचे समीकरण



समीकरण शिकवताना मुलं हमखास विचारतात, हा क्ष आला कुठून? तेव्हा मी त्यांना भास्कराचार्यांची ओळख करून देते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. सह्याद्रीच्या पायथ्याचं विज्जडविड हे त्यांचं गाव. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. पालकांनो, एवढ्या मोठ्या गणितीची पहिली शाळा घरातच होती बघा! वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

माहीत नसलेल्या संख्येला ते 'यावत्तावत्' म्हणत आणि थोडक्यात 'या' लिहीत. आणखी अज्ञात संख्या आल्या की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देत. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत.

त्यांच्या बीजगणितातलं एक उदाहरण घ्या. एकाकडे ६ घोडे आणि ३०० नाणी आहेत. दुसऱ्याकडे १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० नाण्यांचं कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी, तर एका घोड्याची किंमत किती?

आता किंमत क्ष आणि मालमत्ता य धरा. पहिल्याचं समीकरण य = ६क्ष + ३०० आणि दुसऱ्याचं य = १०क्ष – १००. या झाल्या दोन सरळ रेषा! घोड्यांची संख्या म्हणजे रेषेचा चढ. हातातले पैसे किंवा कर्ज म्हणजे रेषा य-अक्षाला छेदते ती जागा. कर्जवाल्याची रेषा शून्याच्या खालून निघते, पण घोडे जास्त म्हणून भराभर वर चढते. क्ष १०० झाला की दोघी ९०० वर भेटतात. घोड्याची किंमत १००!

भास्कराचार्यांनी आलेख काढला नव्हता. समीकरण आणि भूमिती यांची सांगड फ्रान्सच्या देकार्तने १६३७ मध्ये घातली. पण समीकरणातली प्रत्येक संख्या काहीतरी सांगते, हे या घोड्यांवरून मुलांना चटकन कळतं. सूत्र पाठ करणाऱ्या मुलाला चढ विचारला की तो गप्प होतो. आपल्या गोंदियात घोड्यांऐवजी धानाची पोती घ्या. एकाकडे ६ पोती आणि ३००० रुपये, दुसऱ्याकडे १० पोती आणि सोसायटीचं १००० रुपये कर्ज. कर्ज म्हणजे काय, हे इथल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये त्यांनी 'करणकुतूहल' लिहिलं. पुढे त्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. तिथल्या शिलालेखात त्याची नोंद आहे. आजोबांचं गणित नातवाने शाळेत जपलं. आपण निदान ते उदाहरण फळ्यावर लिहूया.

आधी घोडे, मग सूत्र. करून बघा, मुलं स्वतः रेषा काढतील.